टी-स्कोअर किती वाढेल? उतारवयात हाडांच्या उपचाराचं झेपेल असं उद्दिष्ट ठरवताना

आमची माय न्हाणीत घसरली तेव्हा 73 वर्षांची होती. हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, गल्लीतल्या बायका "हाड सांधलं, सुटलीस बाई" म्हणून गेल्या. प्लास्टर काढणाऱ्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडलंय. घनता मोजली का कधी?" कधीच मोजली नव्हती. मोजली तर खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या मानानं घनता किती खाली आहे ते सांगणारा आकडा, उणे 3.0 निघाला. दोन वर्षं उपचार झाले, परभणीहून संभाजीनगरला जाऊन पुन्हा मोजलं, तर उणे 2.8. थोरला भाऊ रिपोर्टकडं बघून म्हणाला, "दोन वर्षांत एवढंच? मग कशाला द्यायलोत इंजेक्शनं?"

औषध बंद करायच्या बेतात होतो आम्ही. इंजेक्शन आपलं काम करत होतं, आमची अपेक्षाच चुकीची होती. उपचार सुरू होताना "किती वाढलं म्हणजे पुरे?" हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं कुणी सांगितलंही नव्हतं. नंतर विचारून, वाचून, रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून जे समजलं ते इथं क्रमानं मांडतो. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते यातून कळावं.

आधी रिपोर्ट नीट वाचा

डेक्सा स्कॅन म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. तिच्या कागदावर आकड्यांची गर्दी असते. त्यातले दोनच आपल्या कामाचे. एक म्हणजे प्रत्यक्ष घनता, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेली. दुसरा टी-स्कोअर, म्हणजे तरुण, धडधाकट बाईच्या सरासरी घनतेच्या मानानं आपण किती खाली आहोत त्याचं माप. जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली ठरवलेली मोजपट्टी आजही चालते: उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये हाडं विरळ, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं सहज मोडतील इतकी विरळ होण्याचा आजार. झेड-स्कोअरही लिहिलेला असतो. तो आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा झेड-स्कोअर बरा दिसतो आणि घरचे फसतात. "वयाच्या मानानं चांगलं आहे" असं कुणी म्हणालं तर त्याचं बोट कोणत्या रकान्यावर आहे ते बघा.

जागाही महत्त्वाची. मणका, अख्खा खुबा आणि मांडीच्या हाडाची मान असे तीन आकडे येतात. उतारवयात उपचाराचं उद्दिष्ट ठरवायला अख्ख्या खुब्याचा आकडा सगळ्यांत भरवशाचा. मणक्याचा का नाही, ते पुढं येतंच.

सुरुवातीचा आकडा खरा आहे का, ते तपासा

गावोगावच्या शिबिरांत टाच एका छोट्या यंत्रात ठेवून "हाडं तपासून" देतात. आमच्याकडंही एका शिबिरातला असा कागद होता, त्यावर लाल पट्टा आणि खाली पावडरच्या डब्याची शिफारस. टाचेच्या अल्ट्रासाउंडवर निदान पक्कं करायचं नसतं आणि उपचार लागू पडतोय का हे तर त्यावरून अजिबात कळत नाही. डेक्साच हवा. तो तालुक्याला मिळत नाही, मोठ्या शहरात जावं लागतं. मग जिथं पहिल्यांदा कराल तिथंच, त्याच यंत्रावर पुढचाही करायचा, हे तेव्हाच ठरवून टाका. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकदा नांदेडला आणि एकदा लातूरला मोजून "वाढलं" किंवा "घटलं" म्हणण्यात काही अर्थ नसतो. काही केंद्रं तुलनेसाठी भारतीय लोकांचे आकडे धरतात, काही परदेशी. त्यानं टी-स्कोअर बदलतो. कागदावर काय धरलंय ते विचारून ठेवा.

मणक्याचा आकडा म्हातारपणी खोटा चढतो. मणक्यांची झीज झाली, बाजूला हाडाचे काटे वाढले, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत चुना साचला, की यंत्र ते सगळं घनतेत मोजतं. दबलेला मणकासुद्धा कागदावर घट्ट दिसतो. मराठवाड्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे बोअरचं पाणी. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं वाकली आहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. वर्षानुवर्षं याहून जास्त पोटात गेलं तर हाडं दाट होतात, पण ठिसूळही होतात. अशा माणसाचा डेक्सा छान येतो आणि हाड तरीही मोडतं. आयुष्य अशा गावात गेलं असेल, दातांवर तपकिरी डाग असतील, मान-पाठ आखडलेली असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. औषधाची निवडही त्यावर बदलू शकते.

आणि ड जीवनसत्त्व. एवढं ऊन असूनही आपल्याकडं ते कमी निघतं, कारण म्हातारी माणसं दुपारभर घरात, बाहेर पडली तर डोक्यावरून पदर, अंगभर लुगडं. ते फारच कमी असेल तर हाडं नुसती विरळ होत नाहीत, मऊ पडतात. तो आजार वेगळा, त्यातही डेक्सा खालीच येतो, पण त्यावर इलाज ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचा. म्हणून औषध सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या होऊ द्या: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन. डॉक्टरांना शंका आली तर ते आणखी दोन-तीन सांगतील.

आकड्याच्या पलीकडचा धोका मोजा

उणे 2.6 असलेल्या दोन बायकांचा धोका सारखाच असेल असं नाही. उद्दिष्ट धोक्यावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडं जाताना पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

पन्नाशीनंतर किरकोळ पडण्यानं काही मोडलं का, आणि कधी? एक हाड मोडल्यानंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यांत धोक्याची असतात. खुबा किंवा मणका मोडलेला असेल तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरतात. मणक्याची गंमत अशी की निम्म्याहून जास्त वेळा तो मोडल्याचं कुणाला कळतच नाही. पाठ दुखते, मलम चोळतात, पुढं बाई वाकते आणि सगळे म्हणतात, वय झालं. घरच्या भिंतीला टेकून उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली तर पाठीचा बाजूनं एक्स-रे काढून घ्या. स्वस्त तपासणी आहे आणि उपचाराची दिशा बदलून टाकते.

पाळी कधी थांबली? हा प्रश्न बीड, धाराशिव, जालन्याच्या बायकांच्या बाबतीत जरा खोदून विचारायला हवा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची "पिशवी काढण्याचं" प्रमाण इतकं वाढलं होतं की 2019 साली राज्य सरकारनं बीड जिल्ह्यासाठी चौकशी समिती नेमली आणि पाहणीत अशा 13 हजारांहून अधिक बायका आढळल्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्या दिवसापासूनच पाळी जाण्याचे परिणाम सुरू होतात आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात. तिशी-पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईचं हाड साठीत पंच्याहत्तरीसारखं असू शकतं. जुना डिस्चार्ज कागद ट्रंकेत पडला असेल तर शोधा. अंडाशयं ठेवली का काढली हे त्याच्यावर लिहिलेलं असतं.

सांधेदुखीच्या पुड्या खाल्ल्या का? बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या, दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडही तीन महिन्यांहून जास्त घेतलं असेल तर सांगा. मिश्री, तंबाखू, विडी यांचाही हिशेब द्या. लाजू नका, डॉक्टरांनी सगळं ऐकलेलं असतं. आई-वडलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, तेही आठवा. फ्रॅक्स नावाच्या गणकात ही माहिती घालून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढता येते. त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे.

बाप्यांनीही हे वाचावं. खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे, आणि त्यांची घनता मोजायचं तर कुणाच्या मनातही येत नाही.

आता खरं गणित

आमच्या घरातला गोंधळ इथंच होता, म्हणून हे सावकाश सांगतो.

खुब्याच्या बाबतीत बरीच यंत्रं तरुण बाईची सरासरी घनता साधारण 0.942 धरतात आणि टी-स्कोअरचा एक अंक म्हणजे साधारण 0.122. मायची घनता होती 0.578. फरक 0.364, त्याला 0.122 नं भागलं की आला उणे 3.0. आता तिला उणे 2.5 वर न्यायचं तर घनता 0.637 व्हायला हवी, म्हणजे सुमारे 10 टक्के वाढ. उणे 2.0 वर न्यायचं तर 0.698, म्हणजे तब्बल 21 टक्के. आणि भावाच्या मनात होतं तसं "नॉर्मल", म्हणजे उणे 1.0, तर 0.820. जवळपास 42 टक्के! जगातल्या कुठल्याच औषधानं 73 व्या वर्षी खुब्यात एवढी वाढ होत नाही.

मग होते किती? मायला देत होतो त्या, वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक आम्लाची मोठी चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत खुब्याची घनता औषध न घेणाऱ्यांपेक्षा 6 टक्के जास्त निघाली. यातली मेख अशी की न घेणाऱ्यांची घनता त्या काळात घटत होती. स्वतःच्या सुरुवातीच्या आकड्याशी तुलना केली तर वाढ सुमारे 4 टक्केच. पण त्याच चाचणीत मणके मोडण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं 41 टक्क्यांनी घटलं. आकडा चार टक्के हलला आणि खुब्याचा धोका चाळीसेक टक्क्यांनी उतरला, कारण ही औषधं हाडाची रोजची झीज थांबवतात आणि त्याचा फायदा घनता वाढायच्या आधीपासून मिळू लागतो. मायची घनता दोन वर्षांत 0.578 वरून 0.602 झाली, म्हणजे 4 टक्क्यांच्या जरा वर. औषधानं जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं होतं. भावाला हे भाकरीच्या भाषेत सांगितलं: दुरडीत रोज एक भाकर कमी होत होती, ती थांबली आणि वर अर्धी जास्त आली. त्यानं मान डोलावली, पण "अर्धीच?" हे म्हणालाच.

आठवड्याच्या गोळ्यांची, म्हणजे ॲलेंड्रोनेट किंवा रायसेड्रोनेटची, वाढ याच्याच आसपास किंवा थोडी कमी. सहा महिन्यांनी पोटावर घ्यायच्या डेनोसुमॅबनं वाढ चालू राहते. दहा वर्षं घेतलेल्यांत खुबा सुमारे 9 टक्के आणि मणका सुमारे 22 टक्के वाढल्याची नोंद आहे. टेरिपॅराटाइड रोज टोचायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. ते मणक्यात चांगलं, दीड-दोन वर्षांत 9 ते 10 टक्के, पण खुब्यात थोडंच. रोमोसोझुमॅब वर्षभर दर महिन्याला घ्यायचं. एका वर्षात मणका सुमारे 13 टक्के आणि खुबा सुमारे 6 टक्के. मात्र गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्याला ते देत नाहीत, आणि खिशालाही जड.

म्हणजे औषधाची निवड आणि उद्दिष्ट एकत्रच ठरतात. सध्याचा सूर असा आहे की खुब्याचा टी-स्कोअर किमान उणे 2.5 च्या वर आणि शक्य असेल तर उणे 2.0 च्या वर न्यावा. सुरुवात उणे 2.6 ला असेल तर साध्या गोळ्यांनी पहिली रेघ ओलांडता येते. उणे 3.3 ला आहे आणि दोन मणकेही दबलेत, तर साध्या गोळ्यांनी तिथं पोहोचणार नाही हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. अशा वेळी हाड बांधणारं औषध (टेरिपॅराटाइड, रोमोसोझुमॅब) आधी आणि झीज थांबवणारं (वरची बाकीची) नंतर, हा क्रम जास्त फळतो. उलट क्रमानं दिलं तर बांधणाऱ्या औषधाचा जोर खुब्यात कमी पडतो. "आधी स्वस्तातलं बघू, नाहीच जमलं तर महागडं" हा आपला नेहमीचा हिशेब इथं महागात पडू शकतो. पैसे नसतील तर नसतील, मग वर्षाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी पूर्ण घेणं हेच उद्दिष्ट ठेवा. तेही थोडं नाही. जनऔषधी केंद्रात कुठलं मिळतं ते आधी विचारा.

85 च्या पुढं, बाजेवरून उठतानाही आधार लागणाऱ्या माणसासाठी टी-स्कोअरचं उद्दिष्ट मला तरी निरर्थक वाटतं. औषधाचा फायदा दिसायला साधारण वर्ष लागतं, तेव्हा ते द्यावं. पण पुन्हा पुन्हा शहरात नेऊन मोजण्यात त्यांची दमछाक करू नये. पुन्हा पडू नये, मोडू नये, दुखू नये, बास.

उद्दिष्ट कागदावर उतरवा

डॉक्टरांसमोर बसून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आमच्या पानावर आता हे आहे:

खुबा सुरुवातीला 0.578, आता 0.602. पुढंही 0.600 च्या वर टिकवायचा.
नवीन हाड मोडू द्यायचं नाही. दर सहा महिन्यांनी उंची.
खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठणं, 15 सेकंदांच्या आत.
एकही डोस चुकवायचा नाही. पुढची तारीख: ____

घनतेची ओळ चारातली एकच आहे, हे बघा. खुर्चीची चाचणी घरी होते, फुकट होते आणि पायांतली ताकद सांगते. मायला पहिल्यांदा 22 सेकंद लागले होते.

औषध घेण्यातल्या बारीक गोष्टी

आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही आणि चहासुद्धा नाही. आपल्याकडं तोंड धुतलं की चहा लागतो. बऱ्याच घरांत गोळी चहासोबतच जाते आणि मग ती अंगाला लागतच नाही. वर्षभर गोळ्या घेऊन आकडा जागचा हलला नाही तर आधी हेच विचारा. ॲसिडिटीचा, अन्ननलिकेचा त्रास असेल, किंवा अर्धा तास बसणं शक्य नसेल, तर इंजेक्शन बरं.

झोलेड्रोनिक आम्लाच्या पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते. घाबरू नका, पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं. उन्हाळ्यात घेणार असाल तर जास्तच पाणी. एप्रिल-मेच्या 42 अंशांत अंगातलं पाणी कमी असताना हे इंजेक्शन मूत्रपिंडाला सोसत नाही. आम्ही दिवाळीनंतरची तारीख धरली. त्याआधी क्रिएटिनिन बघतात आणि मूत्रपिंड फार कमजोर असेल तर देत नाहीत. ड जीवनसत्त्वही आधी भरून काढलेलं हवं. दात काढायचे असतील तर औषधाच्या आधी काढून घ्या. जबड्याचं हाड सडणं आणि मांडीचं हाड विचित्र पद्धतीनं मोडणं हे दोन दुष्परिणाम मोबाइलवर फार फिरतात. ते होतात, पण क्वचित. मांडीत किंवा जांघेत नवीन, सतत दुखू लागलं तर मात्र लगेच दाखवा.

डेनोसुमॅबबद्दल एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: ते मनानं सोडायचं नाही, लांबवायचंही नाही. शेवटच्या डोसला सात महिने उलटले की कमावलेली घनता वेगानं उतरू लागते आणि एकामागोमाग मणके दबू शकतात. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लागतं. आमच्या ओळखीच्या एकांनी "आखितीला एक, दिवाळीला एक" असं लक्षात ठेवलं होतं. ऐकायला छान, पण अधिक महिना आला की गणित चुकतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे: अक्षय तृतीया एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि दिवाळी 8 नोव्हेंबरला, म्हणजे पावणेसात महिने. सणावर नको, कॅलेंडरच्या तारखेवर बांधा. ज्यांच्या घरचे सुगीत किंवा ऊसतोडीत सहा महिने बाहेर असतात, त्यांनी हे औषध सुरू करण्याआधी विचार करावा. वर्षातून एकदाचं इंजेक्शन त्यांना जास्त सोयीचं.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

यांनी टी-स्कोअर वाढेल ही आशा ठेवू नका. हा पाया आहे, इमारत नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि आपलं मुख्य अन्न, ज्वारी, त्यात फार तोकडी पडते. शंभर ग्रॅम ज्वारीत जेमतेम 28 मिलिग्रॅम. भाकरीसोबत काय आहे यावर सगळं. पेलाभर दुधात सुमारे 240, वाटीभर दह्यात त्याहून थोडं कमी. शेवग्याच्या पाल्याच्या किंवा मेथीच्या भाजीतून चांगलं मिळतं. तिळाच्या कोरड्या चटणीचे दोन चमचे सुमारे 100 देतात, पण तिळातलं सगळंच अंगी लागत नाही. पातळ ताकावर फार भिस्त नको, त्यात पाणीच जास्त. दिवसाचा हिशेब करा आणि जेवढं कमी भरेल तेवढीच गोळी घ्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत. थायरॉइडची गोळी असेल तर दोहोंत चार तासांचं अंतर. पानातला चुना "कॅल्शियम म्हणून" खाणारे भेटतात. त्याच्या जोडीला तंबाखू-सुपारी असते, तेव्हा तो हिशेब सोडूनच द्या.

ड जीवनसत्त्वाची 60 हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे देतात आणि पुढं बहुधा महिन्याला एक. ती दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेणारे लोक मी पाहिलेत, कारण थांबायचं कुणी सांगितलंच नाही. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होतं, मूत्रपिंडाला इजा होते. चिठ्ठीवर "कधी थांबवायचं" हे लिहून घ्या.

प्रथिनांकडं मात्र आपण फार दुर्लक्ष करतो. म्हातारी माणसं चहा-भाकरीवर आणि उपासावर दिवस काढतात. वजनाच्या दर किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिनं हवीत. पिठलं, उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.

पडणं थांबवा

खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळं. घनता चार टक्के वाढवायला दोन-तीन वर्षं लागतात, न्हाणीतली शेवाळलेली शहाबादी फरशी घासायला एक दुपार. आम्ही खडबडीत चटई टाकली, भिंतीला पकडायला पाइप बसवला, अंघोळीला प्लास्टिकची उंच खुर्ची ठेवली. माजघराच्या उंबऱ्यावर पांढरा रंग मारला. रात्री वीज जाते म्हणून बाजेशी टॉर्च, आणि रात्री उठून अंगणापलीकडच्या संडासात जाणं पूर्ण बंद. माळवदावर पापड-कुरडया घालायला चढणं बंद करायला मात्र भांडण झालं. लुगडं घोट्याच्या वर नेसायचं, झिजलेली चप्पल फेकायची. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन लांबवू नका. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना भोवळ येते का, ते डॉक्टरांना सांगा.

व्यायामानं घनता फार तर टक्काभर वाढते, पण तोल आणि ताकद वाढते आणि पडणं कमी होतं. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीवरून उठबस, एवढं रोज. नुसतं चालणं पुरत नाही. मणका दबलेल्यांनी पुढं वाकून पायाचे अंगठे धरायची आसनं, कंबर पिळायची आसनं आणि वाकून भरलेली घागर उचलणं टाळावं. वाकायचं ते गुडघ्यातून.

पुन्हा मोजताना

साधारणपणे दीड-दोन वर्षांनी. त्याआधी मोजलं तर यंत्राचीच चूक आपल्याला वाढ किंवा घट म्हणून दिसते. किती फरक खरा धरायचा हे प्रत्येक केंद्राचं वेगळं असतं, त्याला एलएससी म्हणतात. खुब्यासाठी ते साधारण 3 ते 5 टक्के असतं. तंत्रज्ञाला विचारा, चांगल्या केंद्राला ते माहीत असतं. उणे 2.8 चं उणे 2.9 झालं म्हणजे हाडं घटली असं नाही. तेवढा फरक पाय जरा वेगळा वळवला तरी येतो. टी-स्कोअरशी न झुंजता घनतेचे मूळ आकडे ताडून बघा. मध्येच औषध लागू पडतंय का बघायचं असेल तर सीटीएक्स किंवा पी1एनपी ही रक्ताची तपासणी तीन ते सहा महिन्यांनी करता येते. सीटीएक्ससाठी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं.

आकडा तसाच राहिला, नवीन काही मोडलं नाही, तर उपचार यशस्वी धरा. एलएससीपेक्षा जास्त घटला तर आधी घरचं तपासा: डोस चुकले का, चहा, ड जीवनसत्त्व, पुन्हा पुड्या सुरू झाल्या का. सगळं नीट असूनही घटत असेल तर थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, रक्ताचे आजार शोधावे लागतात. उपचार चालू असताना एक हाड मोडलं म्हणून औषध फसलं असं होत नाही, धोका कमी होतो, शून्य होत नाही. दुसरंही मोडलं तर औषध बदलायला हवं.

गोळ्यांची पाच वर्षं किंवा वार्षिक इंजेक्शनाची तीन झाली की पुन्हा बसायचं. खुबा उणे 2.5 च्या वर असेल आणि मधल्या काळात काही मोडलं नसेल तर औषधाला विश्रांती देता येते, कारण ते हाडात साठून काही वर्षं काम करत राहतं. डेनोसुमॅबला ही सवलत नाही. आकडा खालीच असेल किंवा खुबा-मणका आधी मोडलेला असेल तर गोळ्या दहा आणि इंजेक्शन सहा वर्षांपर्यंत चालवतात.

मायचं तिसरं इंजेक्शन दिवाळीनंतर झालं. खुर्चीची उठबस आता 14 सेकंदांवर आलीय. पुढचा डेक्सा त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, पुढच्या मार्चमध्ये. भावानं तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवलीय.